खुले पत्र : मैदानाच्या नकाशावर सही करण्याआधी आमच्या दुसऱ्या मजल्यावर या

प्रति,
पुनर्वसन वसाहतींचे नकाशे आखणारे, तपासणारे आणि मंजूर करणारे सर्व अधिकारी, अभियंते आणि वास्तुविशारद यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात मुंबईतल्या आमच्या वसाहतीतल्या मैदानाभोवती एका रात्रीत निळे पत्रे उभे राहिले. सकाळी पाणी भरायला उठलेल्या बायकांनी ते पहिल्यांदा पाहिले. दोन दिवसांनी पत्र्यावर फलक लागला. प्रकल्पबाधितांसाठी दोन नव्या इमारती, तळमजला अधिक सात मजले. खाली बारीक अक्षरांत हरकती नोंदवण्याची मुदत.

मी नकाशा बघायला गेले. दाखवणाऱ्या तरुण अभियंत्याने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मी विचारलं, आमच्या विंगच्या खिडक्यांपासून ही नवी भिंत किती लांब येणार? त्याने कागदावर पट्टी लावली आणि म्हणाला, तीन मीटर. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, ‘ताई, नियमात बसतंय.’

त्याचं म्हणणं खोटं नसावं. हे पत्र त्या नियमाबद्दलच आहे. आणि ते त्या मुलाला न लिहिता तुम्हाला लिहितेय, कारण नियम त्याने केलेला नाही.

आधी हे मैदान म्हणजे काय ते सांगते. तुमच्या कागदावर ती ‘मोकळी जागा’ आहे, म्हणजे जिथे काही नाही अशी जागा. एका बाजूला शिरीषाचं एक झाड, बाकी माती. पण एप्रिल-मे महिन्यांत तिथे साड्या अंथरून कुरडया, पापड, सांडगे वाळत असतात. पावसाळा संपला की गोधड्या आणि गाद्या उन्हात पडतात, कारण आमच्या घरांत त्यांना चार महिन्यांचा कुबट वास लागलेला असतो. जयंतीचा मंडप तिथेच, कुणाच्या मुलीची हळद तिथेच, कुणाचा वलिमा तिथेच. म्हातारी माणसं सकाळी नऊच्या सुमाराला तिथे येऊन बसतात. वसाहतीतली क्षयाची औषधं चालू असलेली माणसंही येतात, कारण ‘जरा उन्हात बसत जा’ असं त्यांना सगळेच सांगतात, आणि ऊन पडतं अशी आमच्याकडे ती एकच जागा आहे.

मी 2006 पासून इथे राहते. त्याआधी आम्ही हार्बर लाइनच्या रुळांलगत झोपडीत होतो. तेव्हाचं आयुष्य चांगलं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. गाडी गेली की भांडी हलायची, पहाटे अंधारात रुळांकडे जावं लागायचं, आणि मूल घराबाहेर खेळत असेल तर जीव मुठीत धरून स्वयंपाक करावा लागायचा. किल्ली हातात मिळाली त्या दिवशी मी घरातल्या संडासाचं दार चार वेळा उघडून बंद करून पाहिलं होतं. 225 चौरस फूट, स्वतःचा नळ, कडीकुलूप लागणारं दार. सासूबाईंनी उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं. त्या आनंदाला मी आजही खोटं ठरवणार नाही.

झोपडीतली तुळशीची कुंडी मी बरोबर आणली होती. ती दोन महिन्यांत गेली. दुसरी आणली, तीही गेली. सातव्या मजल्यावरच्या वहिनींची तुळस मात्र खिडकीच्या जाळीत कमरेएवढी झाली होती. त्यांच्या तुळशीची रोपं मी किती वेळा खाली आणून लावली याची गणती नाही. माझ्या हाताला गुण नाही असं सासूबाई म्हणायच्या. खरं कारण कळायला मला दहा वर्षं लागली, आणि ते कळलं तेव्हा त्याची किंमत माझ्या मुलीने मोजलेली होती.

2016 साली ती अकरावीत होती. आधी खोकला, मग संध्याकाळचा ताप, मग ओढणी खांद्यावरून घसरावी इतकं वजन कमी झालं. एका डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं, दुसऱ्यांनी टायफॉइडचा कोर्स दिला. तीन महिने असेच गेले. शेवटी बेडक्याची सीबीनॅट तपासणी झाली आणि कळलं, क्षय आहे, आणि तोही नेहमीच्या मुख्य औषधाला दाद न देणारा. तेव्हा त्याचा उपचार दोन वर्षांचा असायचा. त्यातले सुरुवातीचे सहा महिने तिने रोज कॅनामायसिनचं इंजेक्शन घेतलं. कमरेला गाठी यायच्या, मी मिठाच्या पुरचुंडीने शेकायची. पाचव्या महिन्यात एकदा मी मागून हाक मारली, ती वळली नाही. मला वाटलं रुसलीय. ती रुसली नव्हती. त्या औषधाने कानावर परिणाम होऊ शकतो हे आम्हाला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. डाव्या कानाने तिला आता जवळजवळ ऐकू येत नाही, उजव्याने कमी येतं.

बारावी दोन वर्षं उशिरा झाली. नर्सिंगला जायचं तिच्या मनात होतं, ते राहिलं. लग्नाची बोलणी दोनदा मोडली, दोन्ही वेळा कारण कुणी तोंडावर सांगितलं नाही. आज ती बरी आहे, शिवणकाम करते, आणि हे पत्र छापायला द्यायच्या आधी तिने वाचलेलं आहे. तिची परवानगी नसती तर यातली एक ओळही मी लिहिली नसती.

तिच्या उपचारांच्या काळात, क्षयाची औषधं मिळतात त्या डॉट्स सेंटरच्या रांगेत मला आमच्याच जिन्यातली माणसं भेटू लागली. पहिल्या मजल्यावरचे रिक्षावाले काका. आमच्या शेजारच्या खोलीतली सून, तिचं बाळ तेव्हा पाच महिन्यांचं. तळमजल्यावरची दोघं भावंडं. पुढे मी स्वतः आरोग्य स्वयंसेविका झाले, घरोघरी फिरू लागले, तेव्हा एक वही घातली. प्रत्येक मजल्याला चार पानं. खालच्या तीन मजल्यांची पानं भरून मागे जोडकागद लावावे लागले. सहाव्या-सातव्या मजल्याची पानं बरीचशी कोरी राहिली. माझी वही म्हणजे शास्त्र नव्हे हे मला कळतं. मी बारावी झालेली बाई आहे. पण एकाच जिन्याने चढणारी, एकाच नळाचं पाणी पिणारी, एकाच रेशन दुकानातलं धान्य खाणारी माणसं, आणि रोग मात्र खालून वर जाताना विरळ होत जातो, हे कुणालाही थांबून विचार करायला लावेल.

विचार करणारे होतेही. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आणि आयआयटी मुंबईतल्या अभ्यासकांनी मिळून महापालिकेच्या एम पूर्व विभागातल्या, म्हणजे मानखुर्द-गोवंडीकडच्या, तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास केला. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी. आमची वसाहत त्यांत नव्हती. 2018 साली ते निष्कर्ष लोकांसमोर आले. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींना खेटून आहेत, तिथे क्षयाचं प्रमाण जास्त निघालं. पीएमजीपीमध्ये इमारतींमधलं अंतर जास्त आहे, घरांत उजेड आणि वारा येतो, तिथे ते पुष्कळ कमी निघालं. खालच्या मजल्यांवर उजेड आणि हवा कमी पोहोचते हेही त्यांनी मोजून दाखवलं. मी तो भाग वाचून घेतला त्या रात्री माझी वही पुन्हा उघडून बसले.

यात गूढ काही नाही. क्षयाचा जंतू हवेतून जातो. रोगी खोकतो, बोलतो, हसतो, तेव्हा डोळ्यांना न दिसणारे कण हवेत सुटतात आणि तासन् तास तरंगत राहतात. खोलीतली हवा सतत बदलत राहिली तर ते पातळ होत बाहेर जातात, आणि थेट ऊन जंतूला मारतं. हवा कोंडलेली असली, ऊन नसलं, आणि त्याच एका खोलीत सहा माणसं झोपत, जेवत, अभ्यास करत असली, तर एकाचा श्वास दुसऱ्याच्या छातीत जाणारच. आमच्या घरात सकाळी आठला ट्यूब लागते ती रात्री अकराला मालवते, मे महिन्यातसुद्धा. गॅसचा धूर, ओल्या कपड्यांची वाफ, सगळं त्याच खोलीत फिरतं. दार उघडावं तर बाहेर लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना घरं, आणि टोकाला जी खिडकी असायला हवी होती तिथे मीटरची पेटी.

‘मग खिडकी उघडी ठेवा’ असं आम्हाला प्रत्येक शिबिरात सांगितलं जातं. मी स्वतः सांगितलंय, कारण सांगायच्या यादीत ते लिहिलेलं असतं. आता खिडकीचं ऐका. तीन मीटरवर समोरच्यांची खिडकी आहे. तिथून आमचं ताट दिसतं, आमच्या घरात कोण कपडे बदलतंय ते दिसतं. वयात आलेल्या मुली असलेल्या घरात ती खिडकी कायम बंद असते किंवा तिच्यावर जाड पडदा असतो. शिवाय त्या तीन मीटरांच्या फटीला आम्ही घरगल्ली म्हणतो. वरच्या सगळ्या मजल्यांचा कचरा तिच्यात पडतो, सांडपाण्याचे पाइप तिच्यात गळतात, घुशी तिच्यात राहतात. खिडकी उघडली की वास आणि डास आत. लोक कचरा का फेकतात, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. चुकीचंच आहे ते. पण लिफ्ट वर्षातले निम्मे महिने बंद असते, मजल्यावर कचऱ्याचा डबा ठेवायला जागा आखलेली नाही, आणि सातव्या मजल्यावरची बाई पहाटे पाचला पाणी भरून, डबे करून कामावर निघते तेव्हा ती पिशवी घेऊन सात जिने उतरताना तिचे गुडघे काय म्हणतात, ते मी घरभेटीत ऐकते. माणसांच्या सवयी बदलायचं काम माझं, ते मी करत राहीन. पण ती फट तिथे आम्ही ठेवलेली नाही.

आता ज्या नियमात हे सगळं बसतं त्याबद्दल.

या शहराला हवा-उजेडाचं महत्त्व कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. 1896 साली मांडवीत प्लेगचे रोगी सापडले, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ती साथ ओळखली, आणि दोन वर्षांत, 1898 मध्ये, बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्यांत समुद्राचा वारा खेळावा म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट कापून काढला, सँडहर्स्ट रोड काढला. त्या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी 1912 साली मुंबईतल्या घरांच्या उजेडावर आणि हवेवर सविस्तर मांडणी केली. ट्रस्टचा एक नियम होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या बाहेर भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त कोन करता कामा नये. साध्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निदान निम्मी मोकळी जागा मध्ये हवी. मला हे एका निवृत्त शिक्षकांनी वहीत आकृती काढून समजावलं. दादर, माटुंग्याच्या वसाहती त्याच ट्रस्टने आखल्या. तिथल्या पाच उद्यानांच्या, म्हणजे फाइव्ह गार्डन्सच्या, आसपास फिरून बघा, शंभर वर्षं झाली तरी घरांत सूर्य येतो.

त्या ट्रस्टने गरिबांची हजारो घरं पाडली आणि त्या मानाने थोडी बांधली, हेही मला ठाऊक आहे. त्यांचे गोडवे गायला मी बसलेली नाही. मी फक्त हिशेब मांडतेय. सात मजल्यांची इमारत साधारण 22 मीटर उंच धरली तर जुन्या नियमाने मध्ये 11 मीटर सोडावे लागले असते. आम्हाला तीन मिळाले. तो कोन काढला तर 80 अंशांच्या वर जातो, म्हणजे आकाश बघायला मान पाठीला टेकवावी लागते. प्लेगनंतर जे शहर निम्म्या उंचीचा आग्रह धरत होतं, ते क्षयाच्या काळात तीन मीटरवर कसं आलं? सर्वसाधारण इमारतींना बाजूच्या मोकळ्या जागेचे जे निकष आहेत त्यांतून पुनर्वसनाच्या इमारतींना सूट मिळते. सूट हा शब्द मला फार दिवस कळला नाही. सूट कुणाला मिळाली? बांधणाऱ्याला मिळाली. राहणाऱ्याच्या फुप्फुसांना कुठलीही सूट मिळालेली नाही.

तसंच घनतेचं. विकास नियमावलीत झोपडपट्टी पुनर्वसनासाठी दर हेक्टरी किमान 650 घरं बसवावीत असं आहे. याहून कमी चालणार नाहीत, ही अट. घरांमध्ये अमुक इतका उजेड आलाच पाहिजे, नाही तर मंजुरी नाही, अशी तितकीच कडक अट मी शोधली. दाखवा, मी मान्य करीन. घराचं क्षेत्रफळ वाढत गेलं हे चांगलं झालं, 225 चौरस फुटांवरून 269, आता 300. पण अंधारी खोली तीस फुटांनी मोठी केली तर ती थोडी मोठी अंधारी खोली होते.

जागेबद्दलही बोलायला हवं. प्रकल्पबाधितांना शहराच्या कुठल्या कोपऱ्यात पाठवलं जातं? एम पूर्व विभागात 1927 पासून देवनारचं डम्पिंग ग्राउंड आहे. जानेवारी 2016 मध्ये ते पेटलं तेव्हा धुराचे लोट उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसले. त्याच वर्षी माझी मुलगी आजारी होती, आणि धुराच्या त्या दिवसांत आम्ही तिच्या तोंडाला ओला रुमाल बांधून बसलो होतो. महापालिकेच्याच 2009 च्या मानव विकास अहवालात हा विभाग सगळ्यांत शेवटी होता. त्यानंतरही वसाहती इकडेच वाढल्या. माहुलचं सगळ्यांना ठाऊक आहे. तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबं तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन ठेवली. राष्ट्रीय हरित लवादाने तिथल्या हवेबद्दल 2015 सालीच बजावलं होतं. शेवटी 2019 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की लोकांवर माहुलची सक्ती करू नका, दुसरीकडे घर देता येत नसेल तर महिना 15,000 रुपये भाडं द्या. त्यासाठी माणसांनी रस्त्यावर दिवस काढले. आता तर देवनारच्या त्याच कचऱ्याच्या जमिनीपैकी काही धारावीच्या पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय झाला आहे. तिथे उद्या जी मुलं वाढतील त्यांच्या वतीने आज कुणी बोललं पाहिजे, म्हणून त्याचाही उल्लेख करतेय.

आम्हाला जी उत्तरं मिळतात ती मला पाठ आहेत.

पहिलं, औषध घ्या आणि पौष्टिक खा. बरोबर आहे. क्षयरोग्यांना खाण्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिना 500 रुपये 2018 पासून मिळत होते, नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले. झारखंडमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की रोग्याच्या घरच्यांना नीट शिधा दिला तर त्यांना क्षय होण्याचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी होतं. मी हे बैठकीत बायकांना सांगते, आणि अंडी कुठे स्वस्त मिळतात तेही सांगते. औषधंही सुधारली, आता इंजेक्शनं नकोत, कित्येकांचा कोर्स सहा महिन्यांत आटोपतो. माझ्या मुलीला दहा वर्षं आधी हे मिळालं असतं तर तिचा कान वाचला असता, असं रोज मनात येतं. पण बरा झालेला माणूस उपचार संपवून परत जातो तो त्याच खोलीत. वहीत अशी चार घरं आहेत जिथे रोग एकदा जाऊन पुन्हा आला. एका सरकारी खात्याने औषधावर खर्च करायचा आणि दुसऱ्याने रोगाला घर बांधून द्यायचं, हे कधीपर्यंत चालणार?

दुसरं, घर फुकट मिळालंय. हे ऐकलं की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्या झोपड्या हटल्या म्हणून रेल्वेला रूळ वाढवता आले, रस्ते रुंद झाले. आमची घरं बांधणाऱ्यांना त्या बदल्यात विकासहक्क, म्हणजे दुसरीकडे जास्त बांधकाम करायचे हक्क, मिळाले, ते टीडीआर म्हणून शहराच्या दुसऱ्या भागांत विकले गेले. आमच्या नावावर कुणाला तरी उपनगरात उंच इमारती बांधता आल्या, त्यांच्या बाल्कनीत ऊन येतं. या व्यवहारात फुकट कुणाला काय मिळालं ते कागदावर मांडा, मी बसून समजून घ्यायला तयार आहे. शिवाय कामाची घरं लांब पडली म्हणून माझ्या शेजारणीने सुटलेली तीन कामं, रोजचं बसभाडं, आजारपणात विकलेलं मंगळसूत्र, हे त्या कागदाच्या कोणत्या रकान्यात लिहिणार?

तिसरं, मुंबईत जागा कुठे आहे? हा प्रश्न खरा आहे आणि मी तो उडवून लावत नाही. ज्यांच्यासाठी या दोन इमारती आहेत तीही आमच्यासारखीच माणसं आहेत. त्यांना घर मिळायला हवं, उद्या मिळायला हवं. आमची हरकत त्यांच्या येण्याला नाही. आमचं म्हणणं असं की त्यांना आमच्यासारखं घर देऊ नका, आणि त्यांना घर देताना आमचं उरलंसुरलं ऊन काढून घेऊ नका. जागा कमी आहे म्हणून आम्ही 225 फुटांत राहिलो. जागा कमी आहे म्हणून रोग सोसावा, हे आम्हाला मान्य नाही.

आमच्या मागण्या लिहिते.

मैदानावरचं काम तातडीने थांबवा आणि ते मैदान विकास आराखड्यात कायमस्वरूपी खेळाचं मैदान म्हणून नोंदवा. या दोन इमारतींसाठी दुसरी जागा शोधताना ती कचऱ्याच्या किंवा कारखान्यांच्या कुशीत नको.

पुनर्वसनाच्या कुठल्याही इमारतीला, आमच्याकडच्या असोत वा इतरत्रच्या, मोकळ्या जागेतली सूट बंद करा. समोरच्या इमारतीच्या निम्म्या उंचीइतकं अंतर ही अट पुन्हा आणा. मंजुरीआधी सगळ्यांत खालच्या मजल्यावरच्या घरात किती उजेड आणि किती वारा येईल याचा हिशेब जोडणं बंधनकारक करा. तो संगणकावर होतो, आयआयटीतल्यांनी करून दाखवलाय. त्या फायलीवर सार्वजनिक आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्याचीही सही असू द्या.

उभ्या असलेल्या वसाहतींसाठी वेगळं बोलू. आमच्या इमारती पाडून नव्या बांधा असं मी म्हणत नाही, तेवढं आमचं आयुष्य उरलेलं नाही. पण तळमजला आणि पहिल्या मजल्यावरच्या घरांना टप्प्याटप्प्याने दुसरीकडे घर देता येईल, आणि त्या जागा गोदामं, दुकानं, सोसायटीची कार्यालयं यांसाठी वापरता येतील. बालवाडी मात्र तिथे घालू नका, आत्ता ती नेमकी तिथेच भरते. बोळांच्या टोकांच्या भिंती फोडून जाळ्या बसवा. घरगल्ल्या महिन्यातून एकदा नव्हे, दर आठवड्याला साफ करा, गळके पाइप बदला, प्रत्येक मजल्यावर कचरा गोळा करणारा माणूस द्या. लिफ्ट चालू ठेवण्याचा खर्च देखभाल निधीतून व्हायला हवा, त्या निधीचा हिशेब सोसायटीला लेखी द्या. गच्चीचं कुलूप काढा आणि कठडे उंच करा, निदान तेवढं ऊन तरी आमच्या हाती येईल.

वर्षातून दोनदा एक्स-रेची गाडी वसाहतीत आणून खोकला असो नसो, सगळ्यांची तपासणी करा, आणि मजल्यानुसार आकडे नावांशिवाय जाहीर करा. माझ्यासारखीच्या वहीवर हे काम सोडू नका.

आणि यापुढे कुठलाही नकाशा मराठीत, मोठ्या अक्षरांत, वसाहतीच्या फाटकावर लावा. पत्रे ठोकण्याआधी लावा.

एक विनंतीही आहे. सही करण्याआधी एक दिवस आमच्या घरी या. दुपारी बाराला या, त्या वेळी सूर्य डोक्यावर असतो. मी ट्यूब बंद करीन. तुम्ही खिडकीपाशी बसून तुमचाच नकाशा वाचून बघा. तास-दीड तास बसा, चहा होईल, घरात आम्ही पाच जण आहोत, दार लावून घेऊ, म्हणजे हवा कशी होते ते कळेल. मग माझ्याबरोबर सातव्या मजल्यावर वहिनींकडे या आणि त्यांची तुळस बघा. तिथून मैदान सगळं दिसतं. पत्र्यांच्या आत आता कुणाला जाता येत नाही, तरी दोन आजोबा रोज सकाळी पत्र्याच्या बाहेर, शिरीषाची सावली जिथे पडत नाही तेवढ्या पट्टीत, प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात. त्यातल्या एकांचा औषधांचा चौथा महिना चालू आहे.

हरकती द्यायला अजून अकरा दिवस आहेत. आमच्या चार विंगमधून घराघरांतून अर्ज लिहून होत आहेत, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे माझी मुलगी लिहून देते. येत्या सोमवारी आम्ही सगळे मिळून ते घेऊन येऊ. गठ्ठ्याला मिळून एक शिक्का देऊ नका. प्रत्येक अर्जाची वेगळी पोच हवी आहे.

आपली,
पुनर्वसन वसाहतीतली एक रहिवासी आणि आरोग्य स्वयंसेविका
दुसरा मजला